शलोमीबाई पाटोळे यांस परमुलखी दुसऱ्यांदा परिचारिका केले ते वर्तमान

श्री. दुखणाइतांचे उशाशी जागणाऱ्या सकळ हातांस नमन असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, समुद्रापलीकडील एका थंड मुलखात जे घडले ते येणेप्रमाणे.

त्या राज्यात म्हातारे बहुत आणि त्यांची शुश्रूषा करणारे थोडे, ऐसा प्रसंग पडला. इस्पितळांत खाटा मांडिल्या, खाटांवर रोगी निजले, परंतु औषध देण्यास परिचारिका मिळेनात. मग दरबार भरला आणि दिवाणांनी अर्ज केला की, "महाराज, परिचारिका आपल्याच इस्पितळांत आहेत. परदेशी शिकोन आल्या, तेथे वर्षानुवर्षे रोगी सांभाळिले, आणि येथे मदतनीस होऊन चादरी बदलीत आहेत." राजे बोलिले, "मग त्यांस परिचारिका का म्हणत नाही?" दिवाण बोलिले, "आपल्या नोंदणीत त्या परिचारिका नाहीत." "म्हणजे आहेत की नाहीत?" दिवाणांनी बहुत विचार केला आणि म्हणाले, "दोन्ही, महाराज." राजांस उलगडा न जाहला. तथापि हुकूम केला की, या बायांची शिकवणी आणि परीक्षा खजिन्याचे खर्चाने व्हावी, परीक्षेस दोनदा बसू द्यावे, आणि दोन्ही वेळां न साधल्यास मदतनीसच राहावे.

त्या मदतनिसांत शलोमीबाई पाटोळे म्हणोन होत्या. नेवासे प्रांतीच्या. तेथील इस्पितळात बाळंतिणीपासून सर्पदंशापर्यंत सर्व पाहिलेले, आणि हात ऐसा हलका की सुई टोचली हे रोग्यास मागाहून कळावे. यजमान आनंदराव आणि लेक केजिया गावी ठेवोन आल्या होत्या. त्या राज्यी कुटुंब आणण्याची मुभा परिचारिकांस होती, मदतनिसांस नव्हती. म्हणोन हुकूम ऐकताच बाईंनी घरी फोन लाविला आणि बोलिल्या, "अहो, मला नर्स करणार आहेत." आनंदराव बोलिले, "तू नर्सच आहेस ना?" बाई बोलिल्या, "तेच मलाही समजत नाही."

मग शिकवणी सुरू जाहली आणि घोटाळा वाढला. शिकवणीचे दिवशी बाईंनी गुरूंदेखत औषध द्यावे, आणि दुसरे दिवशी त्याच रोग्याने तेच औषध मागितले तर "मला अधिकार नाही, थांबा, बोलाविते," म्हणावे. रोगी म्हणत, "काल तर दिलेस!" बाई आपले हात पाहत आणि कालचे कोण, आजचे कोण, हे कळेनासे होई.

पुढे परीक्षेचा दिवस आला. खोलीत खाटेवर रबरी पुतळा निजविला होता आणि परीक्षक भिंतीशी उभे. बाईंनी हात धुतले, बाही सारली, सुई दिली. काम ऐसे नेटके की परीक्षकही पाहत राहिले, आणि नापास केले. कारण पुसता म्हणाले, "आपण त्यास नाव पुसले नाही. सुई देऊ का, हे पुसले नाही." बाई चकित जाहल्या. "तो पुतळा आहे!" "परंतु रोगी आहे," परीक्षक बोलिले. बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि मनी म्हणाल्या, आमचे गावी एका नर्सकडे अवघा वॉर्ड. एकेकास पुसत बसले तर शेवटच्याची सुई संध्याकाळी होईल, आणि ज्यास ताप आहे तो काय सांगणार? लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि रडू आवरेना.

बाई जेथे चादरी बदलीत त्या वॉर्डात प्रिचर्ड म्हणोन एक म्हातारे होते. जन्म गोदीत जहाजे रंगविण्यात गेला, छाती निकामी जाहली, बोलताना धाप लागे, परंतु थट्टा सुटली नव्हती. बाईंची हकीकत ऐकोन ते बोलिले, "पुतळा कशास? मला पूस." मग बाई रोज चहाचे वेळी रिकामी ताटली घेऊन येत आणि पुसत, "प्रिचर्डसाहेब, सुई देऊ का?" ते एके दिवशी म्हणत, "कशाची?" एके दिवशी म्हणत, "उद्या ये." एके दिवशी साफ म्हणाले, "नको." बाई गोंधळल्या आणि बोलिल्या, "ऐसे म्हणू नका, बरे व्हाल." म्हातारे हसले. "हे उत्तर नाही, पोरी. का नको, ते पूस."

दुसरे परीक्षेत बाईंनी पुतळ्यास नाव पुसले, खुशाली पुसली, परवानगी पुसली, आणि भीतीने पुतळ्याचे पांघरूण दोनदा सारखे केले. उत्तीर्ण जाहल्या. नोंदणीत नाव चढले. वॉर्डाच्या मुख्य मोरागबाई यांनी निळा पोशाख आणोन दिला आणि आनंदरावांनी गावी पेढे वाटिले.

निळा पोशाख घालोन बाई प्रथम दिवशी वॉर्डात आल्या, तो प्रिचर्डांची छाती पुन्हा भरलेली. वैद्यांनी सुया लिहिल्या होत्या. बाई ताटली घेऊन गेल्या, आणि आज ताटली रिकामी नव्हती. "प्रिचर्डसाहेब, सुई देऊ का?" ते बोलिले, "नको." बाई हसल्या. ते हसले नाहीत. मग बाईंनी हळूच पुसले, "हे शिकवणीचे की खरे?" "खरे." "का नको?" म्हाताऱ्यांनी धाप आवरली आणि म्हणाले, "दर खेपेस बरा होतो, आणि दर खेपेस थोडा कमी. आता पुरे."

बाईंचे हात ताटलीवर तैसेच राहिले. नेवाशास असते तर दंड धरोन दिली असती, आणि नातलगांनी पाया पडोन आभार मानिले असते. आता अधिकार मिळाला होता, औषध भरलेले होते, आणि समोरचा माणूस नको म्हणत होता. शेवटी ताटली खाली ठेविली आणि मोरागबाईंस व वैद्यांस बोलावोन आणिले. वैद्य खुर्ची ओढोन बसले, सर्व पुसले, सर्व समजाविले, आणि म्हाताऱ्यांचे उत्तर बदलले नाही. मग वेदना न व्हाव्या इतकेच औषध ठरले, तेही बाईंनी पुसोन दिले, आणि त्यास ते "हो" म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले. बाई जवळ होत्या.

त्या दिवशी बाईंनी आनंदरावांस म्हटले, "इतका खर्च करोन मला शिकविले, आणि पहिलेच काम सुई न देण्याचे. मी बरोबर केले का हो?" आनंदराव म्हणाले, "मला ठाऊक नाही." बाई बोलिल्या, "मलाही नाही."

सारांश, दरबारास परिचारिका मिळाल्या, खजिन्याचा खर्च कारणी लागला ऐसे दिवाणांनी राजांस कळविले, आणि केजिया बापासह पुढील हिवाळ्यात आईपाशी पोचली. शलोमीबाई आजही सुई भरोन क्षणभर उभ्या राहतात. नवख्या रोग्यास वाटते, बाई काही विसरल्या. विसरल्या नसतात, त्यांनी पुसलेले असते, आणि उत्तर यावयाचे असते.