निलाजरीची तक्रार

"मेलं! हेही मेलं!" भडकेरावांनी कुंडी अशी आदळली, की मांडणीवरचे गुलाब हादरले.

"अहो, हळू," बायको म्हणाली.

"हळू काय? इतकी वर्षं उपटत होतो तेव्हा मरत नव्हतं हे तण, आता पोसतोय तर जगत नाही! एवढा हट्टीपणा आला कुठून?"

"शेजार तुमचा," बायको पुटपुटली.

भडकेराव हे अर्थातच गल्लीनं ठेवलेलं नाव. त्यांच्या रोपवाटिकेत सगळी झाडं धाकात वाढत, एक निलाजरी सोडून. पिवळ्या फुलांचं हे रानटी रोप फरशीच्या फटीत उगवे, पन्हळीत उगवे, एकदा तर त्यांच्या स्कूटरच्या फाटक्या सीटमध्येही उगवलं होतं. आणि नव्या रुग्णालयाच्या इंजिनियरबाईंना गच्चीभर नेमकी तीच हवी होती. म्हणे पातळ मातीत जगते, ऊन सोसते, पाणी मागत नाही, आणि खालचे वॉर्ड गार राहतात. "सोमवारी रोपं आली नाहीत तर काम दुसऱ्याला देईन," असं बाईंनी ठणकावलं होतं. धंदा आधीच बसलेला. हे काम गेलं तर रोपवाटिकेला कुलूपच लागणार होतं.

म्हणून त्यांनी निलाजरीचे लाड केले. उत्तम खत घातलं, सावलीला जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं. निलाजरी मुळापासून कुजली.

"वहिनींकडे मागा," बायको म्हणाली. "त्यांच्या मोकळ्या जागेत रान माजलंय तिचं."

"मी? त्यांच्याकडे?"

"मग कुलूप आणू का?"

वहिनी म्हणजे भडकेरावांच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. भिंतीपलीकडे एकटीच राहायची. तिच्याच जागेतून बी उडून येतं म्हणून भडकेरावांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या रानाची तक्रार ते करत फक्त नगरपालिकेकडे, फोनवर, आणि तेही असं, की वहिनीला फोनशिवाय ऐकू जाई.

शनिवारी सकाळी राग गिळत ते वहिनीच्या फाटकाशी गेले आणि जागच्या जागी थिजले. सगळी जागा खरवडून साफ झाली होती. मध्ये कमरेवर हात ठेवून वहिनी उभी होती.

"या भाऊजी! झालं समाधान? आत्ताच गेली तुमची पलटण. काडी ठेवली नाही!"

"माझी पलटण?"

"तक्रारी कोण करत होतं? माझी फुलं होती ती! हे गेल्यापासून खिडकीत बसून तेवढंच बघत होते मी. तेही बघवलं नाही तुम्हाला!"

इतकी वर्षं ढिम्म बसलेल्या नगरपालिकेनं आजच कामाला लागावं, याचा भडकेरावांना मनस्वी संताप आला. कोपऱ्यावर कचऱ्याचा ट्रक अजून उभा होता. ते धावत सुटले.

"मुकादमसाहेब, ती रोपं जरा मला देता का हो?" धापा टाकत त्यांनी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"छे, छे. तक्रार करणारा माणूस भयंकर आहे. एक पान मागं राहिलं तर आमची धडगत नाही."

"अहो, तो मीच."

मुकादमानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उगाच काहीतरी सांगू नका. मी बोललोय त्याच्याशी फोनवर. तो 'जरा' आणि 'का हो' असलं बोलतच नाही. व्हा बाजूला."

ट्रक सुरू झाला. भडकेरावांचा पारा चढला.

"बाजूला काय बाजूला! झोपा काढता रे तिकडे? इतकी वर्षं बोंबलतोय तेव्हा कानात बोळे होते, आणि आजच बरी जाग आली! तुझ्या साहेबाला इथे आणून उभा करीन! उतरव सगळं!"

मुकादम ताठ झाला. "हां! हाच तो! साहेब, आधी नाही का असं नीट बोलायचं? उतरवा रे!"

रोपं मुळांसकट खाली आली. भडकेरावांनी ती हातगाडीवर लादली आणि विजयानं वळले. रस्त्यात वहिनी आडवी उभी होती.

"आधी माझ्या खिडकीपुढचं भरा. उरतील ती त्या गच्चीवर न्या. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं मला."

"वहिनी, सोमवारी..."

"सोमवार गेला खड्ड्यात!"

ज्या रोपाला जन्मभर शिव्या घातल्या, तेच लावायला भडकेराव वहिनीच्या दारात गुडघ्यांवर बसले.

"वाकडं लागलंय ते."

"रानटी आहे ते! वाकडंच वाढतं!"

"आणि तो पाण्याचा झारा ठेवा खाली! तुमच्या लाडांनीच मेली ना तिकडे? लावा आणि विसरा."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलं होतं कधी?"

भडकेराव मातीवर चिडले. एवढ्यात भिंतीवरून बायकोनं डोकावलं.

"काय हो, मिटलं का भांडण?"

"नाही!" दोघंही एकदमच ओरडली, आणि वहिनी खुरपं घेऊन भाऊजींच्या शेजारी मातीत बसली.