पाट्या सोमवारपासून सक्रिय होतील

"कंप्युटरचे पैसे दिले. पडद्याचे दिले. माउसचे दिले, तो मागे-पुढे सरकण्यापलीकडे काही करत नाही, तरी दिले." पेंटर एकेक बोट दुमडत म्हणाले. "आता आणखी कसले?"

"सिस्टीमचे," दुरुस्तीवाला म्हणाला.

"ती कुठाय? दाखव."

दुरुस्तीवाल्याने सगळ्या पडद्यावरून हात फिरवला. "ही काय. सगळीकडे तीच आहे."

"सगळीकडे आहे म्हणजे हवा झाली. हवेचे पैसे मी देत नाही."

"अहो, निम्मं जग हीच वापरतं."

"मग निम्म्या जगाने दिलेच असतील ना? तेवढ्याने त्यांचं पोट भरलं नाही म्हणून माझ्या दारात आलेत?"

दुरुस्तीवाला सज्जन माणूस होता. त्याने सांगून पाहिलं की फुकटातलीही एक सिस्टीम मिळते, पण पेंटरांच्या छपाईच्या मशीनचं तिच्याशी जमत नाही. "का, भांडण झालंय?" असं पेंटरांनी विचारल्यावर त्याने नाद सोडला. आहे तीच पैसे न भरताही चालेल, म्हणाला. फक्त महिन्याभराने पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक फिकट ओळ येईल: 'सक्रिय करा. त्यासाठी सेटिंग्जमध्ये जा.'

"येऊ दे की," पेंटर म्हणाले. "मी नाही वाचत."

"देऊन टाका हो एकदाचे," आतून पेंटरीणबाई म्हणाल्या. "रोज वापरतो आपण."

"तू मध्ये बोलू नकोस. किंमत काय सांगतोय ऐकलंस का? तेवढ्यात दुसरा कंप्युटर येईल."

येत नव्हता. पण पेंटरांचा हिशेब नेहमी रागाच्या बाजूने सुटायचा.

पस्तीस वर्षं या माणसाने ब्रशने पाट्या रंगवल्या होत्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांचं अक्षर असं की दोन वकिलांनी केवळ पाटी चांगली दिसते म्हणून ऑफिस बदललं नव्हतं. मग कंप्युटरच्या पाट्या आल्या आणि ब्रशला कुणी विचारेना. शेवटी पेंटरांनीही कंप्युटर घेतला, पांढऱ्या पत्र्यावर गरम दाबाने छापायचं मशीन घेतलं, आणि मशीन बाईंच्या ताब्यात दिलं. बाईंचा हात चांगला होता. पण धंदा काही उभा राहिना, आणि बाईंच्या भावाचं टाइल्सचं दुकान जोरात चालत होतं. "भाऊजी, गल्ल्यावर बसा नुसते. या-बसा म्हणायचं, बस्स," असं मेव्हणा दर भेटीत म्हणायचा. आयुष्यभर अक्षरं काढून म्हातारपणी मेव्हण्याच्या दुकानात 'या, बसा' म्हणायचं! पेंटरांना त्या विचाराने जेवण जात नसे.

म्हणून चौसष्ट पाट्यांची ऑर्डर आली तेव्हा दोघं जरा वेळ एकमेकांकडे बघतच राहिली. जवळच्या सोसायटीची एक इमारत नव्याने रंगवून झाली होती आणि दारांवर नव्या पाट्या हव्या होत्या. सेक्रेटरी स्वतः आले.

"एका घराला एक नाव. एकच आकार, एकच रंग. आमच्याकडे शिस्त आहे," ते म्हणाले. "हे काम पसंत पडलं तर बाकीच्या तीन इमारती तुमच्या. नाही पडलं तर नाही."

ते गेल्यावर पेंटर म्हणाले, "हे जमलं तर दुकान राहिलं. नाही जमलं तर मी स्वतः तुझ्या भावाला फोन करतो." आणि बाईंनी, आपला सख्खा भाऊ असूनही, "तसली वेळ नको यायला," असं म्हटलं.

आता पेंटरांची कामाची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. फाइल साठवून ठेवणं या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा त्यांनी एका डॉक्टरांची पाटी साठवली होती, ती कुठे गेली ते आजतागायत कळलं नव्हतं. तेव्हापासून ते पाटी पडदाभर मोठी करत आणि सरळ पडद्याचाच फोटो घेत. "जे डोळ्यांना दिसतं ते खरं," असं त्यांचं म्हणणं. तो फोटो बाईंकडे जाई आणि बाई तो जशाच्या तसा पत्र्यावर छापत. जशाच्या तसा, कारण कुणाच्या नावातला काना आपल्या मनाने हलवायचा नाही, हा बाईंचा नेम.

वर्षभर रोज बघून ती कोपऱ्यातली फिकट ओळ दोघांना दिसेनाशी झाली होती, घरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तशी.

शनिवारी पाट्या गेल्या. संध्याकाळपर्यंत दारांवर लागल्या. लांबून इतक्या सुरेख दिसत होत्या की सेक्रेटरींनी स्वतःच्या मोबाइलवर सगळ्या मजल्यांचे फोटो काढले.

रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पेंटर, ह्या पाट्या सक्रिय कशा करायच्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीच छापलंय ना खाली? सक्रिय करा, सेटिंग्जमध्ये जा. मी काल रात्रीपासून सेटिंग्ज शोधतोय."

पेंटरांनी फोन कानाला तसाच धरून काउंटरवरची नमुन्याची पाटी उचलली. चष्मा लावला. आणि खुर्चीत बसले.

तिकडे सोसायटीत झालं होतं ते असं. तळमजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल राहत. औषधाच्या बाटलीवरचा कागदही शेवटपर्यंत वाचणारा माणूस. त्यांनी पाटी शेवटपर्यंत वाचली आणि सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरींनी जन्मात कधी 'मला माहीत नाही' म्हटलं नव्हतं. "योजना आहे एक, कळवतो," असं ते म्हणाले. झालं! दुपारपर्यंत अकरा फोन. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी पाटी हेच बटण समजून एवढ्या जोराने दाबली की ती निघून त्यांच्या हातात आली. कुणी म्हणे पाटीत कॅमेरा आहे. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सहा वर्षं जिन्यात उभी असलेली सायकल गुपचूप घरात घेतली. ते पाहून सेक्रेटरींना एवढा हुरूप आला की त्यांनी खाली फलकावर नोटीसच लावली: 'पाट्या सोमवारपासून सक्रिय होतील. कोणीही स्वतः प्रयत्न करू नये.'

"तेव्हा सोमवारी येऊन सक्रिय करून द्या," सेक्रेटरी फोनवर म्हणाले. "मी नोटीस लावून बसलोय. माझं हसं होता कामा नये. झालं तर बाकीच्या इमारतींचं विसराच."

पेंटरांनी फोन ठेवला. बाईंनी नमुन्याची पाटी त्यांच्या हातातून घेतली, वाचली, आणि आश्चर्य म्हणजे 'मी सांगत होते' असं काही म्हटलं नाही.

"बोल की," पेंटर म्हणाले. "बोलून टाक."

"मी काय बोलू? छापलं तर मीच ना. चौसष्टदा."

"पुन्हा छापायच्या तर पत्रा आणायला पैसे नाहीत."

"नाहीत."

"मग लाव फोन तुझ्या भावाला."

बाई उठल्या आणि आत गेल्या. पेंटरांना वाटलं, खरंच फोन लावतात की काय. पण त्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. उघडलं तर पेंटरांचे बारीक ब्रश. दोन वर्षं हात न लागलेले, तरी मऊ. दर पंधरा दिवसांनी बाई ते धुऊन तेल लावून ठेवत होत्या आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"पांढरा रंग लावून ओळ झाका," त्या म्हणाल्या. "वर काढा काहीतरी. पान नाही तर फूल."

पेंटरांना एकदम इतकं भरून आलं की ते रागावूनच म्हणाले, "तेल जास्त झालंय."

सोमवारी सकाळी ते पहिल्याच दाराशी स्टूल टाकून उभे राहिले. ग्रंथपाल बाहेर आले आणि त्यांनी आपण होऊन स्टूल धरलं. आता ज्या माणसाने आपलं स्टूल धरलंय त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?

"साहेब, योजना-बिजना काही नाही," पेंटर म्हणाले. "कंप्युटरच्या सिस्टीमचे पैसे वाचवायला गेलो, तिने तुमच्या दारावर माझी अब्रू छापली. झाकून देतो. वर एक फूल काढतो."

ग्रंथपालांनी विचार केला. "फूल नको. तेवढ्या जागेत नाव बसेल?"

"कुणाचं?"

"हिचं." त्यांनी आवाज खाली आणला. "एकेचाळीस वर्षं राहतेय या घरात. परवा कुरियरवाला तिलाच विचारत होता, मालक कधी येतील म्हणून."

पेंटरांनी ओळ झाकली, रंग सुकू दिला, आणि दोन वर्षांनी हातात ब्रश धरून नाव लिहिलं. पहिलं अक्षर सावकाश काढलं. दुसरं आपोआप आलं. आतून आजी हात पुसत आल्या, पाटीकडे पाहून "हे काय नवीन खूळ?" म्हणाल्या आणि आत गेल्या. मग चष्मा घेऊन परत आल्या आणि बराच वेळ वाचत राहिल्या. नाव दोनच अक्षरी होतं.

बातमी जिन्याने वर गेली, ती पेंटरांच्या आधी पोचली. पहिल्या मजल्यावर सासू-सून दोघी दारात उभ्या. सासूने फूटपट्टी आणली होती, दोघींची नावं सारख्याच मापाची आहेत ना ते बघायला. शिवणकामवाल्या बाईंच्या दारावर परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याचंच नाव होतं. "तो वर्षातून वीस दिवस येतो," त्या म्हणाल्या, "आणि दार मी उघडते." जुळ्या बहिणींमध्ये पहिलं नाव कुणाचं यावरून रडारड झाली, तेव्हा पेंटरांनी एकीचं डावीकडे लिहिलं आणि दुसरीचं किंचित वर. सायकलवाल्या गृहस्थांनी कुत्र्याचं नाव सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पेंटर हसले नाहीत, आणि मन लावून लिहिलं. चार दिवस ते जिने चढत होते. प्रत्येक मजल्यावर चहा होता.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी हा प्रकार पाहिला आणि ते जागीच थबकले.

"पेंटर! एका घराला एक नाव म्हटलं होतं मी! चौसष्ट दारांवर चौसष्ट तऱ्हा? शिस्त आहे की नाही?"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. ते सेक्रेटरींचंच होतं.

"अहो पेंटर," सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, "आमच्याकडे कधी येणार? मी सकाळपासून वाट बघतेय."

सेक्रेटरी पत्नीकडे पाहू लागले. पाटीकडे पाहू लागले. तिथे त्यांचं एकट्याचं नाव, पदासकट, ऐसपैस पसरलं होतं.

"आत्ताच लिहा," ते हळूच म्हणाले. "आणि मोठं लिहा जरा."

दहा दिवसांनी सेक्रेटरी दुकानात आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उरलेल्या तिन्ही इमारतींचं काम तुम्हाला. माणसं माझं डोकं खातायत. पाट्या तशाच हव्यात, छापलेल्या. आणि मग तुम्ही घरोघर येऊन सक्रिय करायच्या."

मेव्हणा, टाइल्स, गल्ला, सगळं पेंटरांच्या छातीवरून एका क्षणात उतरलं. पण धंदा तो धंदा. त्यांनी वही पुढे ओढली.

"पाटीची किंमत मागचीच," ते म्हणाले. "सक्रिय करण्याचे वेगळे पडतील."

"वेगळे? मागच्या वेळी तर काही घेतलं नाही!"

"ती चूक होती माझी. हे काम आहे."

"अहो, पण दोन शब्द तर लिहायचे! चमचाभर रंग लागत नाही त्याला. आम्ही पत्र्याचे पैसे देतोय, छपाईचे देतोय, वर आणखी ह्याचे कशाला?"

"कशाला म्हणजे?" पेंटरांचा आवाज चढला. "रोज दार उघडताना, लावताना तेच वापरणार ना तुम्ही? त्याच्याशिवाय पत्रा नुसता पत्रा आहे! दिसायला दोन शब्द दिसतात, साहेब. त्याच्यामागे कुणीतरी वर्षानुवर्षं बसलेलं असतं. फुकट मागायला काही वाटायला..."

इथे ते थांबले. मागे छपाईच्या मशीनचं झाकण अर्धवट वर राहिलं होतं. बाई नुसत्या पेंटरांकडे बघत होत्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

मग पेंटरांनी फोन उचलला आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर लावला.

"हां, मी बोलतोय. ते सिस्टीमचे पैसे... हो, भरायचेत... नाही, कमी-बिमी नको, पुरे घे." त्यांनी फोन ठेवला आणि ताठ मानेने सेक्रेटरींकडे वळले.

"बघा," ते म्हणाले, "आम्हीसुद्धा देतो."