हुकूम कोणाचा?

आमच्या शेजारच्या कांबळे सरांना नमस्कार करायची सोय नाही. हात वर गेला रे गेला की विचारणार, "हुकूम कोणाचा?" माझाच म्हटलं की खूश. मग हा खांद्याचा स्नायू, पट्टकी म्हणजे पट्टेरी, ऐच्छिक म्हणजे हुकमाचा, एवढं सांगूनच पुढे जाऊ देणार.

सर लातुरात मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतात आणि घरी आल्यावरही थांबत नाहीत. मी एकदा स्नायूंच्या तीन जाती म्हणालो, तर लगेच अडवलं. "जाती न्हाईत भाऊ. प्रकार म्हणा." हाडांना बांधलेले ते पट्टेरी आणि हुकमाचे. आतड्यातले बिनपट्ट्याचे, बिनहुकमाचे. तिसरा काळजाचा. अंगावर पट्टे, पण हुकूम कोणाचाच मानत नाही.

सगळी गल्ली त्यांनी यात बसवली आहे. सांगितल्याशिवाय हलत नाही म्हणून मी पहिल्यात. कोणी न सांगता सगळं घर ओढतात म्हणून त्यांच्या पत्नी शोभाताई दुसऱ्यात. तिसरा प्रकार वर्षानुवर्षं रिकामा. त्यात बसायला लायकी लागते म्हणे.

यंदा त्यांच्या लेकीला, प्रज्ञाला, नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिच्या आजोबांनी जन्मभर डाळ मिलमध्ये पोती वाहिली, आणि त्यांची नात आता डॉक्टर होणार. पेढे सरांनी वाटले, पण छाती माझीही फुगली. आठवडाभर मी ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी फर्मान काढलं. पोरगी हळवी आहे, स्टँडवर कोणीही हात हलवायचा नाही. नाहीतर ती रडेल आणि सुजलेल्या डोळ्यांनी कॉलेजात जाईल. तुम्हाला तरी जमेल का, असं शोभाताईंनी विचारलं. सर हसले. हात ऐच्छिक आहे, हुकूमच दिला नाही तर हलेल कसा?

नांदेडची बस सुटली. शोभाताई आणि मी हाताची घडी घालून उभे. शेजारी सरांचा हात वर गेला आणि जोरजोरात हलायला लागला.

प्रज्ञाचा चेहरा रडवेला झालाच होता, पण तिनं खिडकीतून डोकं काढलं आणि हसत विचारलं, "पप्पा, हुकूम कोणाचा?"

बस फाटकाबाहेर गेली. धूळही बसली. हात हलतच होता. शोभाताईंनी शेवटी तो धरून खाली घेतला.

सरांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पट्टे हायत भाऊ, पण हुकूम ऐकत न्हाई. ह्याला तिसऱ्यात घाला."