सोळास नऊचा घरजावई

ओदावाऱ्याच्या माकाबे घराण्यात हिदेनोरी घरजावई म्हणून आला, तेव्हा स्वतःचं आडनाव त्याने दारात चपलांशेजारी काढून ठेवलं. चपला निदान बाहेर जाताना परत मिळत.

सासरा गेन्झो कामाबोको करायचा. मासळी वाटायची, लाकडी फळीवर लिंपायची, वाफवायची. की पांढरीशुभ्र लादी तयार. या कामात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं, हीच घरातली अडचण. वयाबरोबर अक्कल वाढते, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं तो नक्की म्हातारा असणार. तर, सत्त्याहत्तरी साजरी झाली की दुकान जावयाच्या हवाली करीन, असं गेन्झोने कबूल केलं होतं, आणि हिदेनोरी त्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता.

त्या आनंदात त्याने नवा टीव्ही आणला. रुंद, हाय-डेफिनिशन. पहिल्याच संध्याकाळी त्यावर समुद्र दिसला आणि सगळं घर पडद्यासमोर गोळा झालं. लाटेच्या टोकावरचा थेंबन्‌थेंब सुटा दिसत होता. मग मासळीचा लिलाव लागला. सासू तोमिए पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "तिसरा मासा शिळा आहे. डोळा बघा." गेन्झोने वाकून पाहिलं. शिळाच होता.

हिदेनोरीला भरून आलं. सत्त्याहत्तरीचा फोटोही या पडद्यावर असाच दिसायला हवा, कडेपासून कडेपर्यंत. म्हणून कॅमेऱ्याची चौकट चारास तीन होती ती त्याने टीव्हीच्या मापाची, सोळास नऊ, करून टाकली. (एवढंच केलं. घरं याहून कमी कारणावरून मोडली आहेत.)

समारंभ झाला. सत्त्याहत्तरीला घालतात ती जांभळी बंडी घालून गेन्झो मधोमध बसला. एका बाजूला तोमिए, दुसऱ्या बाजूला हिदेनोरीची बायको चिझुरु. चिझुरुपलीकडे तिची थोरली बहीण मासाए. तोमिएपलीकडची जागा हिदेनोरीची. टायमर लावून तो धापा टाकत तिथे येऊन बसला.

गेन्झोला फोटो आधी कागदावर हवा होता. "टीव्हीत दिसतो तो कार्यक्रम," तो म्हणाला. "हातात येतो तो फोटो."

फोटोच्या दुकानातल्या यंत्रावर चित्रातली एक मुलगी कमरेत वाकली आणि खाली अक्षरं आली: कडा कापल्या जातील, चालेल? ती इतकी वाकली होती की नाही म्हणणं हिदेनोरीच्या जिवावर आलं. त्याने 'हो' दाबलं. पाकीट आलं ते न उघडता त्याने थेट सासऱ्याच्या हातात दिलं.

गेन्झोने फोटो काढला. चहाचा पेला खाली ठेवला.

"तिघेच?"

सोळास नऊची लांब पट्टी चारास तीनच्या कागदात बसवताना यंत्राने दोन्ही टोकं छाटली होती. उरले होते तोमिए, गेन्झो आणि चिझुरु.

"मासाए कुठे गेली?" तोमिएने विचारलं. हिदेनोरी कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही.

"आणि हा कोपर कुणाचा?" गेन्झो म्हणाला.

"माझा, बाबा," हिदेनोरी म्हणाला.

"तिघांच्या फोटोत मधला आधी जातो. ठाऊक आहे ना?"

"बाबा, त्या जुन्या समजुती..."

"माझ्या आत्याला असंच दोन बहिणींच्या मध्ये बसवलं होतं. गेली."

"कधी?" चिझुरुने विचारलं.

"एक्याण्णवाव्या वर्षी. पण दोघींच्या आधी."



"लादी लांब असली आणि डबा आखूड," हिदेनोरी समजावू लागला, "तर टोकं कापावीच..."

"मी डबा बघून लादी करतो." गेन्झोने फोटो पालथा ठेवला. "स्वतःला कापलंस, मासाएला कापलंस, मला बरोबर मध्ये ठेवलंस. दुकानाची एवढी घाई? मग नाही देत. आता तर मुळीच नाही."

हिदेनोरीने धावत जाऊन तोच फोटो टीव्हीवर लावला. पाचही जण आले, भिंतभर. गेन्झोच्या बोटांवरचे सुरीचे जुने व्रण दिसत होते. बंडीखालून तोमिएने त्याची बाही चिमटीत धरली होती, तो मध्येच उठून दुकानात पळू नये म्हणून. म्हातारा बराच वेळ त्या चिमटीकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "टीव्हीत पाच आहेत, पण कागदावर तीनच ना? यमाच्या कचेरीत कागद बघतात."

"मग नवा काढा, तिघांचाच," तोमिए म्हणाली. "मी बसते मध्ये."

"तू नको."

"का? मी आधी गेले तर मोजे सापडणार नाहीत म्हणून?"

"हो," गेन्झो म्हणाला. बाप आईशी इतकं प्रेमाने बोललेला चिझुरुने जन्मात ऐकला नव्हता.

"मग ज्याला दुकान हवंय त्याने मध्ये उभं राहावं. किल्ली त्याची, जोखीमही त्याची," तोमिए म्हणाली. या बाईने उभ्या आयुष्यात कुणाला अक्कल शिकवली नव्हती, म्हणून तिच्याकडे ती शिल्लक होती.

गेन्झोने जावयाकडे पाहिलं. "घाबरलास?"

"नाही," हिदेनोरी म्हणाला आणि बायकोकडे बघितलं.

"अहो, राहा उभे," चिझुरु म्हणाली. "विमा आहे."

यावेळी चौकट चारास तीन. म्हातारा-म्हातारी बसली, मागे मधोमध हिदेनोरी उभा राहिला, आणि गेन्झोने दुकानाची किल्ली खरोखरच त्याच्या हातात ठेवली. छापलेला फोटो जसाच्या तसा आला. कुणाचा केसही कापला गेला नाही. घरजावई फोटोच्या मधोमध, हे माकाबे घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. हिदेनोरी तो कागद पुन्हा पुन्हा बघत होता.

"आता टीव्हीत लाव," गेन्झो म्हणाला.

लावला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

"हे काय? अख्खी काच आणलीस ना? भर ती."

हिदेनोरीने रिमोटवर झूमची कळ दाबली. चित्र फुगलं, पट्ट्या गेल्या. पुढे बसलेल्या दोघांची सुरकुती न्‌ सुरकुती लखलखली. दोघांच्या मध्ये हिदेनोरीचा कोट, टायची गाठ, किल्ली धरलेला हात. गाठीच्या वर टीव्हीची कड.

"अहो, तुमचं डोकं?" चिझुरु म्हणाली.

"असू दे," गेन्झो समाधानाने मागे टेकला. "दुकान चालवायला हातच लागतात."