आडवं पडून खायचं चॉकलेट

आमचे घरमालक दत्तूअण्णा चॉकलेट आडवे पडून खायचे. पाठ चटईवर, पाय खुर्चीवर, जिभेवर काळ्या कडू चॉकलेटची एक वडी आणि दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा. पट्टा फुगवायला मी.

मी तेव्हा नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात येऊन चामराजपेटेत त्यांच्या माडीवर राहत होतो. अण्णा मूळचे बेळगावकडचे, मराठीत मधूनच कानडी शब्द. दाब जन्माचाच कमी, नव्वदच्या वर चढायचं नावच नाही. त्यात डॉक्टरांनी सांगितलेलं, कडू चॉकलेटनं दाब आणखी उतरतो.

"उभ्यानं खाल्लं तर आडवा होतोय," अण्णा म्हणायचे. "मग आधीच आडवं होऊन खाल्लेलं काय वाईट?"

मी आकडा सांगायचो, "अठ्ठ्याऐंशी."

"बघ! दोन उतरला!" जिंकल्यासारखे ओरडायचे, आणि दाब चढवायला लगेच लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात. चॉकलेटवर लोणचं! बघूनच माझा दाब हलायचा.

"अहो, मग खाता कशाला?"

"लेकीनं जर्मनीहून पाठवलंय की. टाकू काय?"

"मला द्या."

"स्वल्प गप्प बस, पुणेकर."

एका रविवारी अण्णा लोणच्याआधीच उठले आणि धाडकन पाण्याच्या हंड्यावर पडले. कपाळाला खोक. माझी तर पाचावर धारण बसली. पार्सलवरचा पत्ता उतरवून मी त्यांच्या लेकीला, मंगलताईंना, सगळं हंड्यासकट कळवलं: चॉकलेट पाठवू नका. ताई गुणाच्या, पार्सलं बंद.

तीन महिन्यांत दाब शंभराला टेकला. डॉक्टर खूश, मी खूश. अण्णा मात्र रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकात उभे. पट्टा फुगवायलाही हाक येईना.

शेवटी मीच खाली गेलो. अण्णा चटईवर बसून बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या वाचत होते. ताईंच्या, पार्सलमधून आलेल्या, बोटभर लांबीच्या. 'अण्णा, एका वेळी एकच वडी.' 'अण्णा, इथं बर्फ पडलाय.'

"पत्र लिहायला सवड नसते रे तिला. पार्सलात दोन ओळी टाकायची, तेवढंच."

"मग पत्र लिही म्हणून कळवा ना."

"मागून घेतलेल्या पत्रात काय असतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा, पार्सल मीच बंद करवलं."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता तूच चालू कर. चिठ्ठीचं मात्र काही लिहू नको."

त्याच संध्याकाळी मी पत्र टाकलं: 'ताई, चॉकलेट पाठवा. हंडा हलवलाय.'