अक्षता लावलेली तिकिटं

यापुढे आपली पोरं अनवाणी खेळणार नाहीत, असं भोजराज मास्तरांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. ही पासष्ट सालची गोष्ट. किरनापुराकडच्या त्यांच्या खेड्यातल्या शाळेचा फुटबॉल संघ बालाघाटच्या फायनलला पोचला होता, आणि गल्ल्याच्या वाट्यातून बूट घ्यायचे हे मास्तरांनी पक्कं केलं होतं.

वाट्याचा नियम सरळ होता. तिकिटांचा गल्ला स्पर्धेतल्या पाचही शाळांत सारखा वाटायचा, मग कोणी जिंको की पहिल्याच दिवशी हरून घरी जावो. फक्त फायनलच्या शाळांनी तिकिटांचा गठ्ठा विकायला उचलायचा, आणि त्याचे पैसे भरले नाहीत तर ते त्यांच्याच वाट्यातून कापले जायचे. मास्तरांनी ऐटीत सर्वांत जाड गठ्ठा उचलला.

घरी त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, मोडता घातला. "लोकाच्या दारी जाऊन नुसता कागद देता का? अक्षता लावा." मास्तरांनाही ते शोभेलसं वाटलं. त्यांनी घरोघरी पिवळे तांदूळ हातावर ठेवून तिकिटं वाटली. अक्षता देताना पैसे कसे मागणार? ते फाटकावर घेऊ, असं त्यांनी ठरवलं.

फायनलला सारं गाव बैलगाड्या जुंपून आलं. फाटकावर मास्तर हात पसरून उभे होते. त्या हातावर शेजारच्या रुख्माबाईंनी तांदळाची पिशवी ठेवली. "आहेर हाये, सर. पोरायले सांभाळून खेळवा." मागचे सगळेही आहेरच घेऊन आलेले. पैसे मागायला मास्तरांची जीभ रेटेना.

संघ जिंकला. मास्तरांना इतका आनंद झाला की क्षणभर ते बूटही विसरले. मग तांदूळ विकून तिकिटांचे पैसे काढायचे, असं त्यांनी मनात मांडलं. पण खेळ संपला तरी गाव हलेना. माणसं मैदानाच्या कडेला ओळीनं मांडी घालून बसली होती. मास्तरांनी गावातल्या वयस्कर चैतरामला विचारलं, काय झालं?

"काई नाई," चैतराम म्हणाला. "आहेर घेतला ना तुमी? मंग पंगत काहून नाई वाढून राह्यले?"

आहेराचे तांदूळ चुलीवर चढले. वरणाच्या डाळीला मास्तरांचे पदरचे पैसे गेले. तिकिटांपायी शाळेचा वाटा पुरता कापला गेला.

पंगतीत उकव्याच्या शाळेचे मोतीलाल सरही जेवायला होते. त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात सपाटून हरला होता. वाटा मात्र अख्खा त्यांच्या खिशात होता, आणि जेवून ते पोरांसाठी बूट घ्यायला बाजारात निघाले होते. हात धुता धुता ते अगदी मनापासून म्हणाले, "भोजराज सर, पुढच्या वर्षीबी तुमीच जिंका. आमाले लय परवडते."