सातवा खांब

त्या तीर्थक्षेत्राचा कोपरा न् कोपरा अनुस्वारांना ठाऊक होता. घाटाला पायऱ्या किती, महाद्वाराची उंची किती, कुठल्या गल्लीत कुठली समाधी, सगळं अक्षरशः पाठ. फक्त ते तिथे कधी गेले नव्हते.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. राहिलेला अनुस्वार त्यांना हातभर अंतरावरून खुपायचा, म्हणून हे नाव. त्या क्षेत्राच्या माहितीपुस्तकाच्या नऊ आवृत्त्या त्यांच्या हातांखालून गेल्या. दर वेळी बायको म्हणायची, "अहो, एकदा जाऊ या ना." आणि ते म्हणायचे, "एवढी आवृत्ती हातावेगळी होऊ दे."

बायकोला घाट नको होता, महाद्वार नको होतं. तिला हवा होता तिथल्या मोठ्या मंडपातला एकच खांब. त्याला कान लावला की खाली नदी वाहताना ऐकू येते, असं तिची आई सांगायची. आई लग्नाआधी एकदा जाऊन आली होती. पुढे भांडी घासता घासता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला हवा." ते राहूनच गेलं.

अखेर निवृत्तीनंतर दोघं निघाली. मंडपाच्या दारात वाटाड्या आडवा आला.

"काका, खांब दाखवतो."

"पान बेचाळीस," अनुस्वार म्हणाले. "पूर्वेकडून शिरल्यावर सातवा."

वाटाड्याने आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि वाट सोडली.

सातव्या खांबाला बायकोने कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"येतोय का?"

"गप्प बसा हो जरा." मग अगदी हळू, "येतोय. आई म्हणायची तस्साच. खळखळ."

मागून एका गृहस्थाने विचारलं, "काय आहे इथं?"

"नदी," अनुस्वार म्हणाले.

गृहस्थ मागे उभा राहिला. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे तिची नणंद. पंधरा मिनिटांत रांग दारापर्यंत गेली. एका आजोबांनी माणशी एक मिनिट असा नियम केला आणि स्वतः तीन मिनिटं घेतली. डावा कान लावायचा की उजवा, असं कुणी विचारलं, तेव्हा पुस्तकात तसा उल्लेख नसल्याचं अनुस्वारांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पहारेकरी धावत आला. "कोण पडलं?"

"कुणी नाही. खांबातली नदी ऐकतोय."

"ह्या खांबात? काका, हा सिमेंटचा आहे. मागच्या दुरुस्तीत बसवलाय. पलीकडे टाकीत पाणी चढवायचा पंप आहे, त्याचा आवाज."

"पुस्तकात सातवा लिहिलंय."

"साठवा. तो तिकडे, पत्र्याआड. चार वर्षं बंद आहे."

रांगेतून कुणी हललं नाही. एवढा वेळ उभं राहिल्यावर सिमेंटवर विश्वास कोण ठेवणार?

अनुस्वार मात्र कानकोंडे झाले. पहिल्या आवृत्तीचं मुद्रित त्यांना लख्ख आठवलं. हस्तलिखितातही 'साठवा'च होतं. साठ खांब मोजत कोण जातो, असं म्हणून त्यांनी लाल पेन्सिलीने 'ठ'चा 'त' केला होता आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

त्यांनी ते बायकोला सांगितलं. न सांगताही चाललं असतं, पण चूक दिसल्यावर गप्प बसायची सवय नव्हती.

"एकतीस वर्षांत एक चूक केलीत," ती म्हणाली, "ती नेमकी माझ्या आईच्या खांबावर."

"चल, परत जाऊ या."

ती वळली आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली.

"अगं, पंप आहे तो."

"असू दे. आईनं तरी कुठं खणून पाहिलं होतं?"

यावर दुरुस्ती सुचेना. ते तिच्या शेजारी उभे राहिले. रांग मुंगीसारखी सरकत होती. नऊ आवृत्त्यांत जे एकदाही वाटलं नव्हतं ते आता त्यांना वाटत होतं. तो आवाज आपल्यालाही ऐकू यावा.

अखेर पाळी आली, तेव्हा बारा वाजत आले होते. बायको बाजूला झाली. "आधी तुम्ही. तुमचीच नदी आहे."

अनुस्वारांनी चष्मा काढला, कान लावला, श्वास रोखला.

"येतोय का?" तिने विचारलं.

टाकी रोज बाराच्या सुमारास भरते आणि पंप थांबतो.